गुलाबी बैल

नाचणी पेरली होती मी बारा तारखेला,
श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत,
गोठ्यापुढे हिरवं गवत हवं म्हणून.
सोळाला कुबलांची तलंग आली
आणि बेथलेहेमची कुरणं चरून गेली.
पुन्हा पेरली.
यंदा बाळाच्या वाट्याला बोटभर गवत. बघू.

आज पडवीत परात,
परातीत मैदा, नारळाचं दूध, अंडी,
आणि भोवती माझी तीन पोरं
कंगव्यावर कुलकुल वळतायत.
कंगवा नवा आहे, असं मी तीनदा सांगितलं,
तरी पोस्टमनने वाकून खात्री करून घेतली.
ज्योकीमचे शंख होतात, फ्लावियाच्या होड्या,
धाकटीच्या मुठीतून निघतं ते नुसतं पीठ,
काळं पडलेलं, घामानं मऊ,
आणि तेच आधी तळायचं, हा तिचा हट्ट.
तळते.
कढईत ते फुटतं, तेल मनगटावर उडतं.
टूथपेस्ट लावते,
पुढचा घाणा सोडते.

कॅलेंडरच्या मागे यादी:
खसखस, रवा, जायफळ, पतंगाचा कागद,
धाकटीचे बूट, एक नंबर मोठे,
म्हणजे पुढल्या नाताळलाही तेच.
माझ्यासाठी काहीतरी लिहिलं होतं,
त्यावर तुपाचा डाग पडलाय. वाचता येत नाही.

माळ्यावरून गोठ्याची पेटी काढली.
मरिया आहे, जोजेफ आहे, गाढव आहे,
राजे दोनच, तिसरा मागच्या वर्षीच फुटला,
आणि बैलाचं एक शिंग नाही, कानही नाही.
ज्योकीमने भोकाड पसरलं.
म्हणे, अशा बैलाला बघून बाळ घाबरेल.

म्हणून भर दुपारी, पदरात बैल घेऊन
मी गेले बाबल मेस्त्रींच्या गणपतीच्या शाळेत.
डिसेंबरात तिथे कोण जातं?
पाट भिंतीला उलटे रचलेले,
कोपऱ्यात कुणी न नेलेला एकुलता एक उंदीर.
मेस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवला,
बैल तळव्यावर घेतला, जोखला.
"शिंग खंय गेला ह्याचा?"
"माळ्यावर उंदरांनी," मी म्हणाले,
आणि दोघंही आम्ही कोपऱ्याकडे बघून हसत सुटलो.

माती चिमूटभर, पाणी थेंबभर,
शिंग आलं, वाकलं, सरळ झालं.
कान मात्र राहून गेला.
रंग उरला होता एकच,
देवाच्या अंगाचा गुलाबी.
"चलात?"
"चलात."
"पैशे नको. नेवऱ्यो दी. मोजू नको मात्र."

आंतोनचा फोन लागला सकाळी बोटीवरून.
"चोवीसला बंदरात," म्हणाला, आणि रेंज गेली.
मागच्या वर्षीही चोवीसच म्हणाला होता,
सत्ताविसाला आला, सुरमई घेऊन,
आणि उरलेल्या केकसारखा गप्प बसून राहिला.
मी काही बोलत नाही.
त्याचा पांढरा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावलाय,
मिस्साला लागला तर लागला.

चांदणी पप्पांनीच लावायची, असं पोरांचं ठरलेलं.
बांबूच्या पट्ट्या, लाल कागद, आत बल्ब,
दोन दिवस ती खाटेखाली वाट बघत पडून.
तेविसाच्या रात्री मीच शिडी लावली.
पदर खोचला, फणसावर चढले,
खालून फ्लावियाने बॅटरी धरली
माझ्यावर नाही, वटवाघळांवर.
बोटीवरून ही दिसत नाही, मला माहीत आहे.
मधे माडांची रांग आहे, मग खाडी, मग दीपस्तंभ,
आणि मग एवढं पाणी.
तरी गेल्या वर्षीपेक्षा दोन हात वर बांधली.

आता सगळी झोपलीत,
हाताला वेलचीचा वास, केसांत मैदा.
दूधवाल्याला फराळ, कुबलांकडे फराळ
(तलंगीसकट माफ),
मेस्त्रींचा डबा न मोजता भरला.
दिवा मालवायला गेले तर गोठ्यात
तो गुलाबी बैल, दोन शिंगांचा, एका कानाचा,
बोटभर नाचणीत उभा.
त्याच्या तोंडापुढे धाकटीने ठेवलाय
तिचा काळा कुलकुल.
सकाळपर्यंत मुंग्या लागतील.
राहू दे.